दोघांच्या खोलीत सात जण

खोली क्रमांक ३ च्या म्होरक्यास,

मे महिन्यातल्या त्या शनिवारी तारकर्लीला आमच्या लॉजवर तुम्ही दोन आधार कार्डं पुढे केलीत, 'आम्ही दोघंच आहोत' म्हणालात आणि किल्ली घेतलीत. बाकीचे पाच जण कोपऱ्यावर गाडीत दबा धरून बसले होते. आम्ही पानं वाढायला लागलो, ती वेळ साधून ते मागच्या जिन्याने वर गेले. त्यांत तुमची सत्तरीची आई होती. जन्मदात्या आईला चोरासारखा जिना चढायला लावताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

सकाळी गॅलरीतल्या दोरीवर सात टॉवेल वाळत होते. न्हाणीघराची जाळी समुद्राच्या वाळूने तुंबलेली, चहाच्या किटलीत मॅगी शिजवून तळाला करपवलेली. मे महिन्यात आमची विहीर तळ गाठते, टँकर विकत घ्यावा लागतो. तुम्ही सात जणांनी टाकी रिकामी केलीत आणि शेजारच्या खोलीतल्या बाईंच्या डोक्याला शिकेकाई असताना नळ कोरडा पडला. त्यांची बोलणी आम्ही खाल्ली. खोली झाडणाऱ्या मावशी दीड तास तुमची घाण उपसत होत्या, त्यांच्या हातावर तुम्ही दहाची नोटही ठेवली नाहीत. जादा गाद्यांचे पैसे मागितले, तर 'एक स्टार देऊ' अशी धमकी दिलीत आणि घरी पोचल्याबरोबर ती खरीही केलीत. गाडी मात्र वीस लाखांची!

पैसे गेले, खड्ड्यात जाऊ देत. खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. लॉजच्या वहीत प्रत्येक पाहुण्याचं नाव लागतं, पोलीस वही तपासतात आणि खोटी नोंद सापडली की मालकाला धरतात. हे सगळं तुम्हाला ठाऊक असतं. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोल बागेतल्या अर्पित पॅलेस हॉटेलला आग लागली, १७ माणसं गेली. तशी वेळ आमच्यावर आली असती आणि बंबवाल्यांनी विचारलं असतं, तीन नंबरमध्ये किती जण, तर वही बघून आम्ही 'दोन' म्हणालो असतो. धुरात चाचपडत दोघांना बाहेर काढून ते पुढच्या दाराकडे वळले असते. तुमच्या आईचं नाव वहीत नव्हतं.

आमच्याकडे लहान मुलांचे पैसे घेत नाहीत. हात आखडता असेल तर तसं सांगा, ओसरीवर गाद्या घालून देऊ, पंखा लावू, सकाळी घावणे-चटणीही मिळेल. गावात अशी बरीच घरं आहेत, कुणीही अडवणार नाही. फक्त सगळ्यांनी पुढच्या दाराने या आणि सगळ्यांची नावं लिहा. ते जमत नसेल, तर आमच्याकडे तुम्हाला खोली नाही.