आधी कोणी? खेळाडू-वाटपाच्या क्रमाबाबत मार्गदर्शक सूचना

(सर्व संबंधितांसाठी. विशेषतः ‘मला कुठलाही नंबर चालेल’ म्हणणाऱ्यांसाठी.)

उभ्या महाराष्ट्रात ‘येरवड्याला पाठवीन’ ही धमकी समजली जाते. आम्ही मुळातच येरवड्याचे, त्यामुळे मित्रमंडळींत शिस्त आणण्याचा हा एक खात्रीचा मार्ग बंद आहे. आयपीएलच्या तोंडावर आठ जणांनी आपापला कागदावरचा संघ निवडायचा आणि एक खेळाडू एकालाच मिळायचा, एवढे ठरले की भांडण क्रिकेटवरून होत नाही. आधी कोणी निवडायचे, यावरून होते. सबब पुढील नियम.

नियम १ : बॅटीमागचे नंबर. जमिनीवर विटकरीने नंबर लिहावेत, त्यांवर बॅट आडवी टाकावी आणि बॅटीच्या अलीकडे प्रत्येक नंबराची एकेक रेघ ओढावी. ज्याने लिहिले त्याने शेवटची उरलेली रेघ घ्यावी. हा पोटनियम न पाळल्यामुळे गल्ल्यागल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या बॅटवाल्याचीच पहिली बॅटिंग येत आली आहे.

नियम २ : पाठीमागून बोटे. एकाने पाठ करून उभे राहावे, दुसऱ्याने मागे बोटे दाखवून ‘हा कोणाचा?’ विचारावे. दोघांची सोयरीक नाही याची आधी खात्री करावी.

नियम ३ : चिठ्ठ्या. सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त संशयाचा प्रकार. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या असाव्यात. एकाच्या वहीचे पान आणि दुसऱ्याचे किराणा दुकानाचे बिल असे असले, की डोळे मिटूनही बोटांना सगळे कळते. भांडे स्टीलचे आणि उभे असावे. चिठ्ठी लहान मुलाने काढावी. पालिकांच्या प्रभाग आरक्षणाची सोडतही शाळकरी मुलांच्या हातूनच निघते. मूल सभासदाचे नसावे. असल्यास त्याच्या हातात आधी चॉकलेट दिलेले नसावे.

नियम ४ : गेल्या वर्षी तळाला तो यंदा पहिला. ऐकायला न्याय्य. प्रत्यक्षात एप्रिल संपता संपता तळ गाठायची चुरस लागते आणि जखमी खेळाडू प्रेमाने संघात ठेवले जातात. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉलमध्येही हाच रोग होता. म्हणून २०१९मध्ये त्यांनी तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या नंबराची संधी सारखीच केली, १४ टक्के. आपणही शेवटच्या तिघांच्या प्रत्येकी दोन आणि इतरांची एकेक चिठ्ठी टाकावी. थोडी दया राहते, आळशीपणाला बक्षीस मिळत नाही.

नियम ५ : उलट फेरी. हा नसेल तर वरचे सगळे व्यर्थ. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत आठ ते एक. म्हणजे पहिल्याला बुमराह मिळतो, पण नंतर त्याला थेट सोळाव्या निवडीपर्यंत चहा पीत बसावे लागते. आठव्याला मात्र लागोपाठ दोन खेळाडू मिळतात. जाणती माणसे आठवा नंबर मागून घेतात.

आणि पहिल्या नंबराचे एवढे कौतुक कशाला? १५ डिसेंबर २०१५ला आयपीएलच्या दोन नव्या संघांनी खेळाडू वाटून घेतले. पुण्याच्या मालकांनी सर्वांत कमी बोली लावली होती, उणे १६ कोटी, म्हणून पहिला मान पुण्याचा. पुण्याने धोनी उचलला, राजकोटने रैना. मग रहाणे-जडेजा, अश्विन-मॅक्युलम अशी पाळी चालली. उलट फेरी नव्हती, म्हणजे प्रत्येक फेरीत पुणे पुढे. २०१६च्या हंगामात राजकोटचा संघ साखळीत पहिला आला. आठ संघांत पुणे सातवे. आपल्याच शहराचे उदाहरण असल्याने अधिक बोलवत नाही.

नियम ६ : ‘चालेल’वाल्यांसाठी. प्रत्येक मंडळात असा एक असतोच. सोडतीआधी तो म्हणतो, ‘मला काय, कुठलाही द्या, चालेल.’ पाचवा नंबर निघाला की फायनलपर्यंत त्याच्या प्रत्येक पराभवाचे कारण पाचवा नंबर. गुंजन चौकातला सिग्नल लागला तरी पाचवा नंबर! त्यावर एकच औषध आहे : चिठ्ठीत नंबर निघू नये, नंबर निवडण्याची पाळी निघावी. ज्याचे नाव आधी येईल त्याने उरलेल्यांतून हवा तो नंबर स्वतःच्या तोंडाने मागावा. आमच्या चालेलवाल्याला गेल्या खेपेस अशी पाळी आली, तेव्हा तो बराच वेळ घाम पुसत होता. त्याला मंडळातून काढावे असा ठराव दरवर्षी येतो आणि बारगळतो. कारण रात्री सामना संपल्यावर सगळ्यांच्या गुणांचा हिशेब वहीत तोच लिहितो, स्वतःचे कमी झालेले गुणसुद्धा.

नियम ७ : पैसे लावू नयेत. हरणाऱ्याने चहा पाजावा.

यंदाची सोडत लक्ष्मीनगरात नेहमीच्या ठिकाणी होईल. हडपसरकडून येणाऱ्यांनी पुलावरच्या गर्दीची सबब आधीच कळवावी. चिठ्ठ्यांचा कागद मी आणणार आहे. इतर कोणीही कृपा करून आणू नये.