चिपची चंगळ, हप्त्याचा दम

आमच्या हैदराबादेत पूर्वी पाहुण्याला चहा विचारायचे. हल्ली मशीनमध्ये कार्ड कोणतं, ते विचारतात. लग्नसराई आली की कुकटपल्लीतला फोटोग्राफरही कर्ज काढून ग्राफिक्स कार्ड आणतो. दुकानदाराची ग्वाही ठरलेली: 'टेन्शन नक्को साब, फोटो चुटकी में बारीक हो जाते!'

होतातही. पण ते फोटो आधी कॅमेऱ्यातून जुन्या हार्डडिस्कवर रांगत येतात, तिथून मेमरीत जातात, बारीक होतात आणि पुन्हा डिस्कवर परततात. या साऱ्याला दहा मिनिटं लागत असतील आणि त्यात कॉम्प्रेशनचं मिनिट एकच असेल, तर दसपट वेगवान चिप लावूनही काम उरकतं 9 मिनिटं 6 सेकंदांत. वाचलेल्या 54 सेकंदांत फोटोग्राफर कार्डाचा हप्ता भरतो. जीन ॲमडाल यांनी या हिशेबाची मेख 1967 सालीच दाखवली होती. कोटेशनवर ती कुणी छापत नाही. कांदा चिरायला यंत्र आणलं म्हणून बिर्याणीचा दम लवकर होत नाही, हे निदान हैदराबादकरांना तरी सांगायला लागू नये.

चिपचा यात दोष नाही. फोटो दाबणारं जेपेग चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकावर कोसाइन रूपांतर चालवतं. चौकोन हजारो, एकमेकांशी देणंघेणं नाही, चिपची चंगळच. शेवटी हफमन कोडिंगची, म्हणजे बिट लिहून काढायची पाळी येते. तिथे एका चौकोनाचे बिट संपल्याशिवाय पुढच्याचे कुठून लिहायचे तेच ठरत नाही. मग हजार हातांची चिपही मुकाट रांगेत उभी राहते.

हे कोसाइन रूपांतर बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव यांच्यासह 1974 साली प्रसिद्ध केलं. त्याआधी 1972 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं, तर नकार आला. गणिताला पैसे नव्हते. ते गणित पळवणाऱ्या कार्डाला मात्र आज कर्ज दारात येऊन मिळतं. वर मोबाइलच्या चिपमध्ये जेपेगसाठी वेगळा कोपरा बहुधा आधीच असतो. मालक त्याच्याकडून शुभ सकाळचे गुलाब दाबून घेतो.

मग खास हार्डवेअर म्हणजे थोतांड? मुळीच नाही. 2005 साली सोडलेल्या कार्टोसॅट-1 उपग्रहाचा प्रत्येक कॅमेरा सेकंदाला सुमारे 336 मेगाबिट माहिती ओकायचा आणि खाली पाठवायची वाट होती 105 मेगाबिटची. हैदराबादजवळच्या शादनगरच्या अँटेनाच्या टप्प्यात असा उपग्रह एका फेरीत काही मिनिटंच असतो. चित्र 3.2 पट दाबायचं ते वरच आणि त्याच क्षणी. 'जरा थांबा, लोड होतंय' म्हणायची सोय नाही. तिथे खास यंत्रणेचा पैसा वसूल होतो.

तुमच्या छतावर उपग्रह घिरट्या घालत नसेल, तर कार्ड घेण्याआधी घड्याळ लावून बघा, वेळ नेमका कुठे जातो. डिस्क बदला. आणि लग्नात हार घालतानाचे एकसारखे पंधरा फोटो पुसून टाका. त्याहून जलद कॉम्प्रेशन अजून कुणी बाजारात आणलेलं नाही.