थेंबाचा हिशेब

सहकारी संस्थांच्या चोपड्या तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या रक्ताचंही शेवटी लेखापरीक्षण सुरू व्हावं, यात नियतीची काहीतरी मिश्कील बुद्धी असणार. लहानपणी सांधे सुजवून गेलेल्या तापाने माझ्या हृदयाची एक झडप कुरतडून ठेवली होती, ते उतारवयात उघडकीस आलं. अफरातफर उशिराच उघडकीस येते. झडप बदलावी लागली. नवी बसली ती तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेली. परदेशी झडपा आपल्या लोकांना परवडत नाहीत म्हणून तिथल्या मंडळींनी स्वतःच झडप करायला घेतली. पहिले तीन नमुने बाद झाले, चौथा जमला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. कोबाल्टच्या मिश्रधातूची चौकट, आत डुलणारी खास प्लास्टिकची तबकडी. झडपेपुरतं बिल पाहून मला गहिवरून आलं. घरच्यांना वाटलं, ऑपरेशनचा अशक्तपणा.

पण अशा झडपेची एक अट असते. परकी वस्तू दिसली की रक्त तिच्यावर गुठळी धरायला बघतं. म्हणून 'रक्त पातळ करायची' गोळी जन्मभर. रक्त काही पातळ होत नाही, ते गोठायला उशीर लावतं इतकंच. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट अरुंद, आणि आपण त्या वाटेवर आहोत की नाही हे आयएनआर नावाचा आकडा सांगतो. धडधाकट माणसाचा साधारण एक असतो, माझा डॉक्टरांनी अडीच ते साडेतीन ठरवून दिलेला. गंमत अशी, की गोळी काही रुपयांना मिळते आणि ती नीट लागू पडतेय का हे पाहायला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

या गोळ्यांचं घराणंही ऐकण्यासारखं आहे. फेब्रुवारी १९३३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एड कार्लसन नावाचा शेतकरी भर हिमवादळात कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात उभा राहिला. सोबत मेलेली कालवड, नासका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. तो चारा खाऊन जनावरं रक्तस्रावाने मरत होती. अपॉइंटमेंट न घेता स्वतःच सँपल घेऊन जाणारा हा माणूस मला लगेच आपला वाटला. चाऱ्यातला दोषी पदार्थ वेगळा काढायला लिंक यांच्या प्रयोगशाळेत १९३९ उजाडलं. म्हणजे रिपोर्ट सहा वर्षांनी. आमच्या कोपऱ्यावरची लॅब संध्याकाळी सहाला देते, तरी मी कुरकुरतो. त्याच शोधातून पुढे वॉरफरिन आलं, १९४८ मध्ये, उंदीर मारायला. माणसांची पाळी नंतर आली, आणि १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं. मी घेतो ती ॲसिट्रॉम त्याच कुळातली. ही कथा मी मोठ्या हौसेने हिला सांगितली. तेव्हापासून रोज "अहो, गोळी घेतली का?" ऐवजी "उंदराचं झालं का?" अशी चौकशी होते.

आयएनआर घरच्या घरी मोजायचा मीटर मिळतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा, मिनिटाभरात आकडा. किंमत विचारली, तर एखादी चालू स्थितीतली जुनी स्कूटर येईल एवढी.

माझा मेव्हणा मधुमेहातला मुरलेला गडी. तो संध्याकाळीच आपला ग्लुकोमीटर घेऊन हजर. "दाजी, कशाला पैसे घालवताय? थेंब तो थेंब, पट्टी ती पट्टी." त्याला समजावलं, की तुझ्या पट्टीला साखर कळते. माझ्या पट्टीत थ्रोम्बोप्लास्टिन असतं, ते रक्ताला गोठायला भाग पाडतं आणि किती वेळ लागला ते मीटर मोजतो.

"म्हणजे घड्याळच की! त्याला एवढे पैसे?"

हे जमेना म्हणून त्याने दुसरी वाट काढली. टेस्ट न लागणाऱ्या नव्या गोळ्या बाजारात आल्यात, त्या का घेत नाही? यांत्रिक झडपेला त्या चालत नाहीत. त्यांतलं डॅबिगॅट्रान अशा रुग्णांना देऊन पाहिलं होतं. तो प्रयोग २०१२ मध्ये अर्ध्यातच थांबवावा लागला, कारण गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त. दोन्ही बाजूंनी तोटा दाखवणारी संस्था मी उभ्या नोकरीत क्वचितच पाहिली.

मग त्याने मोबाइलवर जुन्या मीटरचे फोटो दाखवायला सुरुवात केली. 'एकदाच वापरलेला', 'आजोबांचा, आता गरज नाही'. ही दुसरी जाहिरात वाचून हिने मोबाइल उलटा ठेवला. मी मात्र धंद्याच्या सवयीने एकच प्रश्न विचारत गेलो: याच्या पट्ट्या कुठे मिळतात? जुन्या मीटरच्या बाजारात सगळी मेख इथे आहे. इनरेशियो नावाचा मीटर २०१६ मध्ये बाजारातूनच मागे घेतला गेला. तो कुणी फुकट दिला तरी शोकेसमध्येच ठेवायचा. कोगुचेक नावाच्या मीटरच्या जुन्या एस मॉडेलच्या पट्ट्या वेगळ्या, एक्सएसच्या वेगळ्या. एकाची दुसऱ्याला चालत नाही. स्वस्तातल्या सुट्या पट्ट्यांचं तर नावच नको. २०१८ मध्ये एक्सएसच्या काही पट्ट्या रक्ताचा आकडा चढा दाखवतात म्हणून परत मागवल्या गेल्या होत्या. कुणाच्या कपाटात काय पडलंय, सांगावं कसं? जुना मीटर एक वेळ चालेल, जुनी पट्टी नको.

पुतण्या न्यू जर्सीला असतो. घरात दुखणं आलं की आधी डॉक्टर आणि मग पुतण्या, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो म्हणाला, "काका, इथे हा मीटर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. म्हाताऱ्यांचा खर्च मेडिकेअर उचलतं." यांत्रिक झडपवाल्यांना ही सोय २००२ पासून, हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना २००८ पासून. मेडिकेअरसाठी माझं वय पुरेसं आहे, पत्ता तेवढा चुकतो. मग कुणाच्या तरी सामानातून पट्ट्या पाठवायचं निघालं. पण येणारे सगळे मे महिन्यात, आणि पट्ट्यांना चालतं तीस अंशांपर्यंत. सांगलीचा मे विमानतळापासून घरापर्यंतच्या प्रवासात त्या पट्ट्यांचं काय करेल, हे सांगलीकराला सांगायला नको.

शेवटी उपाय गल्लीतच निघाला. पलीकडच्या वाड्यातल्या निवृत्त सरांनाही माझ्यासारखीच झडप. ते म्हणाले, "दोघांत एक मीटर घेऊ, पाळीपाळीने वापरू." डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. घरगुती मीटर एकाच माणसाने वापरायचा आणि टोचायचं पेन तर चुकूनही दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. शेजारधर्म किती झाला तरी रक्ताचं नातं नको. बरं, पट्ट्यांची एक डबी दोघांत वाटावी, तर डबीबरोबर त्या मालाची एकच चिप येते आणि ती मीटरमध्येच ठेवायची असते. सर उत्तम गणित शिकवायचे, पण एक चिप भागिले दोन मीटर हे त्यांनाही सुटलं नाही.

ते मेडिकलवाल्याने सोडवलं. "साहेब, हा माल कोण मागत न्हाई. आणून ठेवला की मुदत संपती. म्हणून एकएकटं मागवलं की महाग पडतं. दोन गिऱ्हाइकं कायमची पक्की असली तर मी वितरकाशी बोलतो की." आम्ही पक्के झालो. प्रत्येकाचा मीटर स्वतंत्र, डबी स्वतंत्र, मागणी मात्र एकत्र, मुदतीची तारीख लांबची पाहूनच माल घ्यायचा. सूट मिळाली. आयुष्यभर सहकार तपासला, केला तो पहिल्यांदाच.

आता ताळेबंद. मीटरवर घसारा धरला, पट्ट्या, सुया, कापूस मांडलं. एका पट्टीच्या किमतीच्या आसपासच लॅबची टेस्ट होते, वर मीटरची किंमत. शिवाय लॅबमध्ये महिन्यातून एकदा जायचो, घरी दर आठवड्याला मोजतो. म्हणजे स्वस्तात पडावं म्हणून केलेल्या खरेदीने खर्च चौपटीच्याही वर गेला. मेव्हण्याने हा कागद फ्रेम करायला मागितला.

पण हिशेबनीस फक्त खर्चाची बाजू बघत नसतो. महिन्याकाठी होणारी तपासणी म्हणजे वार्षिक ऑडिट: आपण पोचतो तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं आणि सचिव रजेवर असतो. दर आठवड्याची मोजणी म्हणजे समवर्ती लेखापरीक्षण. आकडा सरकायला लागला की तो पडायच्या आधी डॉक्टरांना फोन जातो. घरी मोजणाऱ्यांमध्ये गुठळीचे प्रसंग कमी होतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. तेव्हा घासाघीस करावी ती पट्टीच्या भावात, पट्ट्यांच्या संख्येत नव्हे.

पडताळणी केल्याशिवाय मी कुणाच्याही आकड्यावर सही करत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी लॅब आणि मीटर दोन्हीकडे रक्त दिलं. लॅब म्हणाली २.८, मीटर म्हणाला ३.१. "दोघांतलं खोटं कोण बोलतंय?" मेव्हण्याने विचारलं. कुणीच नाही. अर्ध्या अंकापर्यंतचा फरक साधारण चालतो. साडेचारच्या वर आकडा गेला तर मात्र शिरेतलं रक्त देऊन खात्री करायची. "पगार आणि हातात येणारा पगार," तो म्हणाला. एवढ्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं.

खरा बदल स्वयंपाकघरात झाला. ऑपरेशननंतर हिने पालक, मेथी, कोथिंबीर, सगळ्या हिरव्या गोष्टी हद्दपार केल्या होत्या, कारण त्यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं. डॉक्टर कधीचे सांगत होते, की पालेभाजी सोडू नका, फक्त प्रमाण रोजचं सारखं ठेवा. पण बायकोचा विश्वास डॉक्टरांपेक्षा पुराव्यावर. पुरावा आता दर रविवारी मिळायला लागला. हिने मोजून-मापून मेथी आणली, आकडा जागेवर राहिला. मग पालक आला, मग वरणावर कोथिंबीर दिसली. परवा घरखर्चाची वही चाळताना पाहिलं, तर पट्ट्यांचा खर्च हिने औषधांत न लिहिता भाजीपाल्याखाली टाकलेला. चुकीच्या शीर्षाखाली खर्च टाकणं हा गंभीर दोष आहे. त्यावर मी सोसायट्यांच्या चेअरमनांना घाम फोडलेला आहे. शेरा लिहायला पेन उघडलंही. पण ही म्हणाली, आक्षेप असेल तर खर्चाबरोबर भाजीही बंद होईल. सदर नोंद तपासली, योग्य आढळली.