बुरशीचे गोत्र काढा: नवशिक्यांसाठी सहा सोप्या पायऱ्या

लागणारे साहित्य: न्यूमोनियाचे दोन रुग्ण, एक पीसीआर यंत्र आणि भरपूर नम्रता. शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही.

1. या न्यूमोनियाच्या जंतूचे नाव पाठ करा. न्यूमोसिस्टिस यिरोवेत्सी. 1909 मध्ये ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांना न्यूमोसिस्टिस गिनीपिगच्या फुप्फुसात दिसली आणि त्यांनी तिला दुसऱ्याच परजीवीची अवस्था ठरवले. पुढे बहुतेक तज्ज्ञ तिला आदिजीव म्हणत राहिले. 1988 मध्ये तिचा रायबोसोमचा आरएनए वाचला, तेव्हा ती बुरशी निघाली. तेव्हा पहिल्याच आठवड्यात चुकलात तर मन खट्टू करू नका.

2. बशीत वाढवायला जाऊ नका. ही बुरशी प्रयोगशाळेत नीट वाढतच नाही. दुर्बीण घालून फुप्फुस धुतात, त्या धुवणातूनच तिचा डीएनए काढा.

3. जनुके निवडा. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांच्या प्रती पेशीत पुष्कळ असतात, म्हणून पातळ नमुन्यातही ती सापडतात. पण एकाच जनुकावर भागत नाही; सायटोक्रोम बी, सुपरऑक्साइड डिसम्युटेज, आयटीएस अशी तीन-चार तरी वाचा.

4. जनुक वाचल्यावर येणाऱ्या आलेखात एका जागी दोन शिखरे दिसली तर यंत्राला शिव्या घालू नका. एकाच फुप्फुसात दोन-तीन वाण सुखाने नांदतात. कधी पीसीआरच दोन वाणांचे तुकडे जोडून तिसरा तयार करतो. ‘नवा वाण सापडला’ असे ओरडण्याआधी प्रयोग पुन्हा करा.

5. डीएचपीएस जनुकाचे 55 आणि 57 हे कोडॉन पाहा. या आजारावरच्या कोट्रायमॉक्साझोल या औषधातल्या सल्फाचा मारा याच जनुकाच्या प्रथिनावर असतो. इथला बदल म्हणजे बुरशीची सल्फाशी जुनी ओळख असू शकते. पण तेवढ्यावरून ‘औषध चालणार नाही’ असा शेरा मारू नका.

6. आता निकाल. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या आपल्या दोन्ही रुग्णांच्या बुरशी सगोत्र निघाल्या. लगेच ‘याने त्याला दिली’ म्हणू नका. सगोत्र म्हणजे एकाच घरचे नव्हेत. तोच वाण गावभर असेल, तर जुळण्याला अर्थ नाही. आधी या दोघांशी संबंध नसलेल्या रुग्णांचे वाण तपासा. मग दोघांच्या ओपीडीच्या तारखा जुळवा, कारण ही बुरशी हवेतून पसरते. युरोपातल्या प्रत्यारोपण विभागांमधल्या अनेक साथी अशाच उलगडल्या.

नेहमीची शंका: एवढे करून सांगायचे काय, तर न्यूमोसिस्टिसच्या रुग्णाला प्रत्यारोपणवाल्यांशेजारी बसवू नका. हे जनुके न वाचताही सांगता आले नसते का?

उत्तर: आले असते. पण बाकांची जागा बदलायला प्रशासनाने मान्यता दिली नसती.