आवडून घ्यायची सक्ती कशाला?

ज्याला आपली नोकरी आवडत नाही त्याला 'सकारात्मक राहा' असं सांगितलेलं ऐकलं की मला राग येतो. नोकरी न आवडणं हा काही आजार नव्हे. दिवसाचे आठ-बारा तास जिथं काढायचे ती जागा माणसाला नकोशी वाटत असेल, तर त्याचं मन अजून शाबूत आहे एवढंच त्यातून कळतं. उमेद टिकवायची असेल तर आधी आवडल्याचं सोंग टाकायला हवं.

कोलाडकरांना हे नव्यानं सांगायला नको. आंबेवाडी नाक्यावर पहाटे उभं राहून बघा. मुंबई-गोवा महामार्गावरून ट्रक धडधडत चाललेले असतात, टपरीवर पहिला चहा उकळत असतो आणि धाटावच्या एमआयडीसीत फर्स्टला जाणारी माणसं डबा घेऊन गाडीची वाट बघत असतात. थोड्या वेळानं नाइटवाले उतरतात. त्यांच्या कपड्यांना प्लँटचा वास असतो, आणि एका धुण्यात तो जात नाही. घरात तान्हं मूल असेल तर आंघोळ केल्याशिवाय बाप त्याला उचलत नाही.

रसायनांच्या कारखान्यातली रात्रपाळी कशी असते ते ज्यानं काढली त्यालाच माहीत. रिॲक्टरचं तापमान बघायचं, प्रेशर बघायचं, तासातासाला लॉगबुकात आकडा टाकायचा. रात्री तीननंतर डोळ्यांवर झापड येते, पण आकडा चुकवून चालत नाही. मग ऑपरेटर उठतो, तोंडावर पाणी मारतो, टॉर्च घेऊन पाइपलाइनीच्या कडेनं एक फेरी मारून येतो. फ्लँजच्या जोडावर थेंब दिसतोय का, पंपाचा आवाज बदललाय का, हे बघतो. सकाळ होते, सुटायची वेळ येते आणि रिलीव्हर आलेलाच नसतो. म्हणजे डबल. घरी फोन करून एवढंच सांगायचं, 'आज येत नाय, डबल लागली.' पलीकडून आईही जास्त विचारत नाही. 'जेवलास का रं?' म्हणते आणि ठेवते.

या माणसाला कुणी सकारात्मक विचारांवरच्या व्याख्यानाला बसवलं तर तो बसेल, टाळ्याही वाजवेल. पण ते व्याख्यान ज्यानं ठेवलं त्यानं रिलीव्हरची सोय आधी करायला हवी होती. सल्ला नेहमी वरून खाली येतो. ज्याच्या हातात पाळ्या लावणं आहे, माणसं भरणं आहे, ओटीचा हिशेब आहे, त्याला मन बदलायला कुणी सांगत नाही. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्या मनाची मशागत करायला मात्र सगळे तयार असतात.

आणि कारखान्यात गोडीगुलाबीची ही सक्ती जिवावर बेतू शकते. 'हा व्हॉल्व्ह पास होतोय, मी लाइन चालू करणार नाही' असं म्हणणारा माणूस साहेबाला कटकट्या वाटतो. पण आजूबाजूची गावं त्याच्याच भरवशावर झोपतात. भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यात 1981 साली फॉस्जीन वायूनं एका कामगाराचा जीव घेतला. त्यानंतर तिथल्या कामगारांनी गळतीबद्दल ओरड केली, पत्रकं लावली. कुणी मनावर घेतलं नाही. 2 डिसेंबर 1984 ची रात्र त्यानंतर आली. म्हणून धाटावला, महाडला, तळोजाला, जिथं जिथं रिॲक्टर चालतात तिथं कुरकुर करणाऱ्याला नकारात्मक ठरवू नका. त्याचं म्हणणं लिहून घ्या.

आता दुसरी बाजू बघू. कोलाडचं नाव मुंबई-पुण्याच्या माणसाला माहीत आहे ते राफ्टिंगमुळे. कुंडलिकेवरचं राफ्टिंग पाऊस संपल्यावरही चालतं, कारण पाणी भिऱ्याच्या वीजघरातून येतं. मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन बुडवून साठवलेलं पाणी सह्याद्रीवरून खाली उतरतं आणि 1927 सालापासून भिऱ्याला वीज करतं. वीज झाली की ते पाणी नदीत सुटतं, आणि त्यावर आपल्या राफ्ट चालतात. म्हणजे भिऱ्यात कुणीतरी पाळीवर बसून जनित्र चालवतो तेव्हा खाली नदीवर कुणाची तरी सुट्टी मजेत जाते. त्या पाळीवाल्याला तिथं बसणं आवडतं का, हे राफ्टमध्ये आरडाओरडा करणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याच्या न आवडण्यानं नदीचं पाणी कमीही होत नाही. काम चोख झालं, तेवढं पुरे. मनातलं प्रेम मागायचा हक्क ना गिऱ्हाइकाला आहे, ना मालकाला.

राफ्टवरच्या गाइडकडे मात्र तेही मागतात. पर्यटकाला वाटतं, काय मजेशीर नोकरी, रोज नदीत! पण तो पोरगा एका सकाळी कितव्यांदा तरी तीच लाइफ जॅकेटं बांधत असतो, 'फॉरवर्ड', 'बॅक', 'गेट डाउन' ओरडत असतो. दहा जणांतला एक जण रात्रीची उतरली नसताना आलेला असतो, त्याच्यावर एक डोळा ठेवून असतो. आणि हे सगळं हसत करायचं असतं, कारण फोटो निघत असतात. अमेरिकेतल्या आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी विमानातल्या सेविकांचा अभ्यास करून 1983 साली 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिलं. पगारासाठी चेहरा आणि भावना सांभाळणं हेही श्रमच आहेत, आणि त्यांनीही माणूस झिजतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आमच्या गाइडला हे पुस्तकातून कळायची गरज नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला कुणाशीच बोलावंसं वाटत नाही, आणि घरचे म्हणतात, 'दिवसभर तर मजा करून आलास.' त्याला थोडा वेळ गप्प बसू द्या. तेवढं घरच्यांच्या हातात आहे.

मग माणसं तगतात कशावर? मी आजूबाजूला जे बघतो त्यावरून सांगतो. पहिल्यांदा तर ती शेजारच्या माणसावर तगतात. नाइटला जोडीला कोण आहे यावर रात्र कशी जाणार ते ठरतं. डब्यातली भाजी वाटून खाणारा, झापड आली तर खांद्याला हलवणारा, 'तू पड जरा, मी रीडिंग घेतो' म्हणणारा जोडीदार असला की नावडती नोकरीही निघून जाते. असा जोडीदार व्याख्यानातून मिळत नाही. तो वर्षानुवर्षं एकाच पाळीत राहून मिळतो, आणि ठेकेदार दर काही महिन्यांनी माणसं फिरवतो तेव्हा तोच पहिल्यांदा जातो. ठेक्याच्या कामगाराचं हे नुकसान पगारपत्रकात कधी दिसत नाही.

दुसरं म्हणजे गेटाबाहेरचं आयुष्य. रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, पोलीस मानवंदना देतात. तेव्हा पाळ्यांची अदलाबदल कशी चालते बघा. 'तू माझी नाइट कर, गणपतीला मी तुझी करीन,' असे सौदे महिनाभर आधी ठरलेले असतात. भातलावणीच्या दिवसांत नाइट मारून सकाळी चिखलात उतरणारे लोक आहेत. अंग मोडून येतं, पण तोंडावर तकाकी असते. आपल्या हातानं लावलेलं रोप वाढतंय, ते आपलं आहे, हे समाधान त्यांना नोकरीनं कधीच दिलेलं नसतं. ज्यांना शेत नाही त्यांचं क्रिकेट आहे, भजन आहे, नाटकाची तालीम आहे. ही फावल्या वेळची करमणूक नव्हे. माणूस म्हणून ते तिथंच जगतात, आणि नोकरीनं त्या वेळेवर डल्ला मारला की ते खरोखर कोसळतात.

कवी नारायण सुर्व्यांचंच बघा. त्यांनी गिरणीत काम केलं, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून काम केलं, पुढे तिथंच शिक्षक झाले. 1962 साली त्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा कवितासंग्रह आला. शिपायाची नोकरी त्यांना किती प्रिय होती हे कुणी विचारत बसलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं.

वेळेचा मुद्दा मी सोडणार नाही, कारण तो आपल्याच माणसानं लढवलाय. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना बांधली. मागण्या काय होत्या? आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर, कामावर इजा झाली तर भरपाई. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. त्याच वर्षी 10 जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दहा हजारांत गिरणी आवडणारे किती असतील? पण त्यांच्याइतकी सकारात्मक माणसं मला दुसरी दिसत नाहीत. आपल्याला जाचतंय ते बदलू शकतं, यावर त्यांचा विश्वास होता. आज कोलाडच्या धरणावर आणि नदीवर रविवारी जी गर्दी लोटते, तिच्या अंगावर लोखंड्यांचं देणं आहे.

तेव्हा नोकरी नावडती असेल तर मनाला चुचकारण्याआधी कागद तपासा. 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्याबद्दल माझ्या पुष्कळ तक्रारी आहेत, पण प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच हवं असं त्यात आहे. तुमच्याकडे ते आहे का? जादा तासांचे पैसे दुप्पट दरानं मिळायला हवेत, हे 1948 च्या कारखाना कायद्यापासून चालत आलंय. मिळतात का? पीएफ ठेकेदार कापतो, तो जमा होतो का? फोनवर पासबुक बघता येतं. निम्मी मरगळ आपण फसवले जातोय या संशयाची असते. ती ध्यान लावून जात नाही. हिशेब समोर आल्यावर जाते.

आणि सोडून देणं? रोह्याच्या मातीनं त्याचं मोठं उदाहरण दिलंय. चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा घाट घातला गेला तेव्हा 1956 साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. मनाला न पटणारं काम माणूस सोडू शकतो, हे त्यांनी करून दाखवलं आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण त्यांच्यामागे शिक्षण होतं, नाव होतं. ज्याच्यामागे घराचा हप्ता आणि म्हाताऱ्या बापाचं औषध आहे, त्याला 'पटत नाही तर सोड' म्हणणं सोपं आहे आणि क्रूरही आहे. त्याला सोडायची तयारी करायला वेळ द्यावा लागतो.

तशी तयारी करणारी पोरं मला दिसतात. आठवड्याच्या सुट्टीला कुणी बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन बसतो, कारण हातात ते सर्टिफिकेट आलं की ठेकेदाराच्या हजेरीतून सुटायची वाट उघडते. प्लँट त्याला आज आवडत नाही, उद्याही आवडणार नाही. तरी नाइटला तो आकडा चुकवत नाही. अशा पोराच्या घरच्यांना माझी एवढीच विनंती आहे: कामावर खूश आहेस का, हे त्याला रोज विचारू नका. परीक्षेची फी भरलीस का, ते विचारा, आणि सुट्टीच्या दिवशी घरातली कामं त्याच्यावर टाकू नका.