प्रमाणपत्रांना पैसे मोजणाऱ्या साहेबांस

साहेब,



प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे पैसे प्रशिक्षण संस्थांना कसे द्यायचे हे तुम्ही ठरवलेत, म्हणून हे पत्र तुम्हालाच. २०१६ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात तुम्ही हप्ते पाडलेत ते असे: बॅच सुरू झाली की ३० टक्के, मुलांना प्रमाणपत्र मिळाले की ५० टक्के आणि नोकरी लागली तर उरलेले २० टक्के. म्हणजे रुपयातले ऐंशी पैसे नोकरीआधीच संस्थेच्या गल्ल्यात! राहिलेल्या वीस पैशांसाठी कोण कशाला कंपन्यांचे उंबरे झिजवील? तुम्ही प्रमाणपत्रांना पैसे मोजलेत, तुम्हाला प्रमाणपत्रे मिळाली.

या योजनेवरचा, २०२५च्या डिसेंबरात संसदेत आलेला कॅगचा अहवाल तुम्ही वाचलाच असेल. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या ९५.९० लाख प्रशिक्षणार्थींपैकी ९४.५३ टक्के जणांच्या बँक खात्याच्या रकान्यात एक तर शून्य, नाहीतर काहीच नाही. काही ठिकाणी खाते क्रमांक म्हणून नुसती एकाची रांग. एकच फोटो वेगवेगळ्या लाभार्थ्यांच्या नावापुढे. पास होणाऱ्याच्या खात्यात ५०० रुपये थेट जायचे होते, ते लाखो मुलांना मिळालेच नाहीत. पीककर्जाच्या कागदावर एक आकडा चुकला तर शेतकऱ्याला चार हेलपाटे पडतात. तुमच्याकडे नव्वद लाख रकाने खोटे किंवा कोरे होते, तरी हप्ते सुटत राहिले. अल्पमुदतीच्या प्रशिक्षणातून आणि विशेष प्रकल्पांतून प्रमाणित झाले ५६.१४ लाख; कामाला लागले ४१ टक्के.

काम न मिळालेल्यांपैकी एक मुलगी आमच्या गल्लीत राहते. शिलाईचा कोर्स केला, प्रमाणपत्र लॅमिनेट करून घेतले. गारमेंटच्या कारखान्यात ट्रायलला बसवले तेव्हा समोर मोटरवर पळणारी मशीन होती, आणि केंद्रात ती शिकली होती पायाने चालवायच्या मशीनवर. पहिल्याच शिवणीत कापड गोळा झाले. सुपरवायझरने तिला जेवणाच्या सुट्टीआधीच परत पाठवले. आता घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. तिच्या नावावर संस्थेने पहिले दोन हप्ते उचलले असतील, हे तिला कुणी सांगितलेलेसुद्धा नाही.

एवढे होऊन तुम्ही सुधारणा कोणती केलीत? पहिल्या तीन टप्प्यांत निदान नोकऱ्या मोजल्या जात होत्या. चौथ्यात, उमेदवाराने आपला मार्ग आपणच निवडावा असे सांगून तुम्ही मोजणेच सोडून दिलेत. नापासांची संख्या वाढली म्हणून निकालच न लावणाऱ्या शाळेला गावाने जाब विचारला असता.

साहेब, हप्ते उलटे करा. बॅच सुरू होताना भाडे-पगारापुरते द्या. निम्मी रक्कम राखून ठेवा आणि मूल सहा महिने कामावर टिकल्याचे पीएफच्या नोंदीत दिसल्यावरच सोडा. प्रत्येक केंद्रातून किती जण शिकले, किती कामाला लागले, ते तालुकावार जाहीर करा. आणि ज्यांचे पाचशे रुपये अडकले आहेत, त्यांना शोधून ते द्या.