जुन्या स्कॉचची छोटी बाटली कशी बाळगावी : होतकरूंसाठी मार्गदर्शन

वडिलोपार्जित वाडा नाही, पणजोबांची तलवार नाही, ताम्रपट तर नाहीच. तरीही पाहुण्यांना दाखवायला घरात काहीतरी पुरातन असावं, अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ब्लेंडेड स्कॉचची छोटी बाटली, म्हणजे मिनिएचर, घ्यावी. जागा वीतभरही लागत नाही, आणि वस्तू दारूची असूनही ती बाळगणाऱ्याला कोणी दारुडा म्हणत नाही, व्यासंगी म्हणतात. बाटलीत माल पन्नास मिलिलिटरच्या आसपास. आपल्याकडच्या बारच्या हिशेबात लहान पेग तीसचा आणि मोठा साठचा; म्हणजे ही बाटली धड लहानात नाही, धड मोठ्यात नाही. प्यायला इतकी गैरसोयीची वस्तू मौल्यवान ठरते, याचा अर्थ तिचं मोल पिण्यात नसणार. मग ते कशात आहे, हे ठरवल्याशिवाय खिशात हात घालू नये. या मार्गदर्शनाचं म्हणणं असं, की ते काचेवर चिकटवलेल्या कागदात आहे. आतल्या द्रवात जवळजवळ नाही.

सुरुवात वयापासून करावी, कारण फसगतही तिथूनच सुरू होते. व्हिस्की मुरते ती ओकच्या पिंपात. लाकूड सुटलं की तिचं वाढणं थांबतं. १९६० साली बाटलीत भरलेली बारा वर्षांची व्हिस्की आजही बारा वर्षांचीच आहे. तिची साठी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शन घालण्याचा उत्साह आवरावा. शिवाय स्कॉचच्या नियमाप्रमाणे लेबलावरचा आकडा मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. घराण्याचं वय धाकट्या पोरावरून सांगायचं, अशी तिथली रीत. आणि मुरवण्याच्या ज्या सक्तीचा आज अभिमान मिरवला जातो, तिचं मूळही पाहून ठेवावं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे मंत्री लॉइड जॉर्ज दारूच्या मागे हात धुऊन लागले होते. त्या धामधुमीत १९१५च्या कायद्याने किमान दोन वर्षं मुरवण्याचं बंधन आलं आणि लवकरच त्याची तीन वर्षं झाली. लोकांनी कमी प्यावं म्हणून केलेली तडजोड पुढे चोखंदळ पिण्याची परंपरा म्हणून खपली.

आता भिंग घ्यावं. ब्रिटनच्या बाजारासाठी भरलेल्या बाटलीवर नुसतं ‘७० प्रूफ’ असेल आणि टक्के छापलेले नसतील, तर ती बहुधा १९८०च्या आधीची. त्या सुमारास तिकडे टक्केवारी आली. जुन्या ब्रिटिश मापात ७० प्रूफ म्हणजे ४० टक्के. अमेरिकेत मात्र प्रूफ टक्क्यांच्या दुप्पट, त्यामुळे अमेरिकेसाठीच्या बाटलीवर ८६ हा आकडा पाहून खुर्ची घट्ट धरू नये. ते ४३ टक्केच. राजचिन्हाखाली सहाव्या जॉर्जच्या नावामागे ‘दिवंगत’ लागलं असेल, तर बाटली १९५२च्या आधीची असू शकत नाही. जॉनी वॉकरच्या तिरक्या लेबलाचा कल २४ अंशांचा. घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून पाहावा. एवढा तपास होईतो एक थेंबही खर्ची पडलेला नाही, याची नोंद घ्यावी. बाटली कधीची, कुणासाठी भरलेली, किती कडक, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कागदाने दिली. द्रव गप्प आहे.

वारशाविषयी बोलताना आवाज गंभीर करावा, पण डोकं शाबूत ठेवावं. मुकुट, ढाली आणि शिक्के पाहून एखाद्या किल्ल्यातले सरदार हे मद्य घडवत असतील असं वाटतं. प्रत्यक्षात हा वारसा किराणा दुकानदारांचा. जॉन वॉकरचं दुकान १८२०चं, किल्मारनॉकमधलं. जॉर्ज बॅलंटाइनचं १८२७चं, एडिनबरोमधलं. चिवास बंधू ॲबर्डीनचे किराणावाले. एका पिंपाची चव दुसऱ्याला जुळेना आणि गिऱ्हाईक कुरकुरायचं राहीना, तेव्हा अनेक पिंपं मिसळून चव कायम ठेवायची, हा त्यांचा धंदा. एनियस कॉफीने १८३०मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रामुळे हलकी, स्वस्त ग्रेन व्हिस्की अखंड गाळता येऊ लागली आणि १८६०च्या कायद्याने करभरणा होण्याआधीच गोदामात माल्ट आणि ग्रेन मिसळायची मुभा दिली. मग राजवैभव आलं कुठून? १९५३मध्ये एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकासाठी चिवासने ‘रॉयल सॅल्यूट’ काढली. सलामीच्या तोफा एकवीस, म्हणून व्हिस्कीही एकवीस वर्षांची. हा वारसा खोटा नाही. फक्त तो राजवाड्यापेक्षा गल्ल्याजवळचा आहे.

इथे जाणकार हरकत घेतील, आणि ती वजनदार आहे. पोर्ट एलन आणि ब्रोरा या डिस्टिलऱ्या १९८३मध्ये बंद पडल्या. अलीकडे त्या पुन्हा सुरू झाल्या, तरी तेव्हाचा माल परत येणार नाही. त्याआधीच्या मिश्रणांत असा माल गेलेला असू शकतो. मग द्रव हाच खरा दस्तऐवज नव्हे का? उत्तर असं, की मिश्रण करणाऱ्याचं सगळं कसब एकच एक डिस्टिलरी ओळखू येऊ न देण्यात असतं. एखादी बंद पडली तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागू नये, यासाठी तर त्याला पगार. तेव्हा जुनी बाटली फोडून ‘वा, आजच्यापेक्षा किती वेगळी!’ म्हणणारा माणूस मास्टर ब्लेंडरांच्या पिढ्या नापास करतो. आणि ‘अगदी आजच्यासारखीच’ म्हणणारा स्वतःचे पैसे बुडवतो. दोन्ही निकालांत बाटली न फोडणारा सुखी.

पण न फोडताही सुख टिकत नाही, म्हणून साठवणीचे नियम. बाटली उभी ठेवावी. आडवी ठेवली तर कडक मद्य बुचाला खातं. ऊन लागू देऊ नये, कारण लेबल विटतं आणि आपली सगळी दौलत लेबलात आहे. झाकणाच्या फटीतून मद्य हळूहळू उडत राहतं, आणि इथे लहानपण आड येतं. सत्तर सेंटिलिटरच्या बाटलीतून पाच मिलिलिटर गेलं तर एक टक्काही घट होत नाही. छोट्या बाटलीतून तेवढंच गेलं की दहा टक्के गायब. बाटली चौदा पट लहान होते, झाकण काही चौदा पट लहान होत नाही.

‘पण बाजारात भाव सीलबंद बाटलीलाच येतो,’ ही शेवटची हरकत. खरं आहे. याचा अर्थ इतकाच, की संग्राहक उडून जाणाऱ्या गोष्टीला भाव देतात आणि टिकणारी गोष्ट तिच्यासोबत फुकटात घेतात. शहाण्याने उलट करावं : रिकामी बाटली घ्यावी. लेबल तेच, प्रूफ तेच, राजा तोच, किराणा दुकानही तेच. घट होण्याची भीती नाही, आत रंगीत पाणी भरून कोणी फसवण्याचा प्रश्न नाही, आणि महाराष्ट्रात दारू बाळगायला जो परवाना लागतो, तोही काढावा लागत नाही. आतला माल कुठे गेला असं पाहुण्यांनी विचारलंच, तर ‘बाष्पीभवन’ असं शास्त्रीय उत्तर द्यावं.